पदवी आणि पोलिसांचे वेतन : मॅसॅच्युसेट्समधील क्विन कायद्याचा अनुभव

प्रस्तावना :

पोलिसाला महाविद्यालयीन शिक्षण असावे, हा विचार अमेरिकेत नवा नाही. कॅलिफोर्नियातील बर्कले शहराचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या पुढाकाराने १९१६ मध्येच तेथील विद्यापीठात पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला होता. परंतु या विचाराला शासकीय बळ मिळाले ते १९६० च्या दशकात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ च्या अहवालात, सर्व पोलीस अधिकारी अंतिमतः पदवीधर असावेत, असे उद्दिष्ट मांडले. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या, संसाराचा भार असलेल्या माणसाने पुन्हा वर्गात का जाऊन बसावे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० मध्ये त्याचे सरळ उत्तर दिले : पगारवाढीसाठी.

कायद्याचे स्वरूप :

रॉबर्ट क्विन या राजकारण्याच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. दोन वर्षांच्या सहपदवीसाठी मूळ वेतनाच्या १० टक्के, पदवीसाठी २० टक्के आणि पदव्युत्तर किंवा कायद्याच्या पदवीसाठी २५ टक्के वाढ, असे त्याचे स्थिरावलेले रूप होते. वर्षाला ५०,००० डॉलर मूळ वेतन असलेल्या पदवीधर पोलिसास १०,००० डॉलर अधिक मिळत, आणि ही रक्कम एकदाच नव्हे तर दरवर्षी मिळे. कायदा स्वीकारावा की नाही, हे प्रत्येक नगराने ठरवावयाचे होते. स्वीकारणाऱ्या नगराला निम्मा खर्च राज्य परत करणार होते. नगराच्या दृष्टीने हा अर्ध्या किमतीतला सौदा होता. तरीही बोस्टनसारख्या मोठ्या शहराने तो १९९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनी स्वीकारला.

पदवी कोणत्या विषयातली असावी, याचेही बंधन होते. पदवी पोलीसकार्य वा फौजदारी न्याय या विषयातील हवी. इतिहास किंवा मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यास तिचा लाभ नव्हता. परभाषिक वस्तीत काम करणाऱ्या पोलिसाला त्या भाषेतील पदवी निरुपयोगी ठरते, असे कोणी म्हणणार नाही. पण कायद्याने तिला मोल दिले नाही.

पदवीचा दर्जा :

कायद्याने पैसा जोडला तो प्रमाणपत्राशी. पोलीस काय शिकला, त्याच्या कामात काय फरक पडला, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. विद्यार्थी निश्चित, त्याला मिळणारा लाभ निश्चित. अशा स्थितीत काही महाविद्यालयांनी सुलभ अभ्यासक्रम चालविले, अशी टीका दीर्घकाळ होत राहिली. अखेर २००० नंतरच्या वर्षांत राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने अशा अभ्यासक्रमांसाठी दर्जाचे निकष लागू केले. हे काम पहिल्या दिवशीच व्हावयास हवे होते. त्याला तीस वर्षे लागली.

२००९ चे वळण :

योजनेचा दुसरा दोष तिच्या अर्थव्यवस्थेत होता. वेतन नगर देणार आणि निम्मा वाटा राज्याच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून येणार, अशी रचना असल्याने, पोलिसाने केलेली अभ्यासाची वर्षे कायमची खर्ची पडली तरी राज्याचे वचन मात्र वर्षावर्षाचेच होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर महसूल घटला. २००९ मध्ये राज्याने आपला वाटा मोठ्या प्रमाणात कमी केला आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून भरती होणाऱ्यांना योजना बंद केली.

काही नगरांनी राज्याचा वाटाही स्वतः उचलला, तर काहींनी केवळ आपला निम्मा भाग दिला. बोस्टनमधील पोलिसांनी पूर्ण रकमेसाठी न्यायालयात धाव घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला : राज्याचा वाटा आला नाही तर तो भरून देण्याचे बंधन शहरावर नाही. पोलीस संघटनेने केलेल्या करारातच राज्याचा वाटा घटल्यास देय रक्कमही घटेल, अशी तरतूद होती, आणि ती न्यायालयाने वैध ठरविली. रात्रपाळी करून पदवी घेतलेल्यांपैकी किती जणांनी तो करार बारकाईने वाचला असेल, हा वेगळा प्रश्न.

नव्या भरतीतील पोलिसांसाठी अनेक नगरांनी पुढे आपापल्या करारांत शिक्षणभत्त्याच्या स्वतंत्र तरतुदी केल्या. त्यांचे दर नगरागणिक वेगळे आहेत. त्यामुळे २००९ पूर्वी व नंतर भरती झालेले, सारखीच पदवी असलेले आणि एकाच गस्तीच्या गाडीत बसणारे दोन पोलीस त्या पदवीपोटी वेगवेगळी रक्कम घरी नेऊ शकतात.