पोढी : पाण्याचा एक विसरलेला शब्द

‘पोढी’ हा शब्द आज बोलण्यात उरलेला नाही. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो जुन्नरच्या डोंगरांत दगडावर कोरला गेला. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके.

जुन्नरच्या लेण्यांतील एक ब्राह्मी लेख असा आहे : ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.’ ‘गत’ म्हणवणाऱ्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने धर्मार्थ दिलेल्या दोन पोढ्या, एवढाच त्याचा अर्थ. भाषा प्राकृत आहे, तरी ती आपल्याला अगदीच परकी नाही. आपली मुले ‘बे एके बे’ म्हणतात, त्यातला ‘बे’ तोच. मानमोडीच्या डोंगरातील दुसरा लेख महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याचा. त्याने पोढी आणि मंडप दिले. लेखात वर्ष ४६ आहे. तो शककाल धरल्यास इ. स. १२४ येते.

पाण्याचे दान का, हे डोंगर चढल्यावर कळते. सह्याद्रीवर पाऊस उदंड पडतो, पण उतारावरून तितक्याच वेगाने निघून जातो. म्हणून पोढीचे तोंड बेताचे, पोट मोठे आणि वर कातळाचे छत ठेवीत. ऊन लागत नाही, पाणी आटत नाही. नाणेघाटात व्यापाऱ्यांच्या वाटेवरही अशी टाकी आहेत.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या लेखांत दात्याचे नाव आहे. टाकी-हातोडा चालवणाऱ्या पाथरवटाचे नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, आमची नजर तिथेच अडते. आपल्या काळातही तसेच घडले. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव तेवढे राहिले. कुकडी प्रकल्पाचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. ते जावेच, तहान सर्वांची सारखी. पण धरणावर घाम गाळणारे आणि ज्यांची घरे पाण्याखाली गेली ते, यांची नावे कोणत्या शिळेवर आहेत?

‘देयधम’ या शब्दातील ‘देय’ म्हणजे द्यावयाचे. पाणी हे दात्याचे दान म्हणून शिळेवर नोंदले गेले. ज्यांच्या श्रमाने आणि त्यागाने ते साठले, त्यांचे देणे मात्र अजून समाजाच्या खात्यावर उभे आहे.