गडाचं मत वेगळं, गावाचं वेगळं

अख्खा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणतो ती सप्तशृंगी मतदारयादीच्या हिशेबाने वणीची नाही. गड कळवण तालुक्यात, वणी दिंडोरी तालुक्यात. गडावरचे लोक कळवणचा आमदार निवडतात, वणीकर दिंडोरी-पेठचा. खासदार मात्र दोघांचा एकच, दिंडोरीचा.

या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. वणीचं राजकारण समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. गावात द्राक्षबागायतदार आहेत, कांद्याचे व्यापारी आहेत, आडतदार आहेत. त्यांच्यातल्या बिगर-आदिवासी माणसाकडे पैसा, माणसं, गाड्या सगळं असतं, पण इथून आमदारकीला उभं राहण्याचा हक्क नसतो. मग ती सगळी ईर्ष्या दुसऱ्या वाटांनी वाहते. कादवा सहकारी साखर कारखाना, दिंडोरी बाजार समिती, गावची विकास सोसायटी आणि ‘मविप्र’, म्हणजे 1914 साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था. मविप्रची निवडणूक नाशिक जिल्ह्यात विधानसभेइतकीच चुरशीने लढली जाते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. विधानसभेचा उमेदवार आदिवासीच असणार. पण त्याच्या मागे कोणत्या बागायतदाराची गाडी फिरते, याचीही चर्चा तितकीच रंगते.

बाजार समितीचंच घ्या. संचालक 18. त्यांतले 11 सोसायट्यांचे संचालक निवडतात, 4 ग्रामपंचायत सदस्य निवडतात, 2 व्यापारी-आडत्यांचे आणि 1 हमाल-मापाऱ्यांचा. म्हणजे वॉर्डातून निवडून आलेला साधा सदस्यही बाजार समितीचा मतदार होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तालुक्याचे पुढारी एवढा जीव का टाकतात, त्याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. असतं ते पॅनल. ते भावकी, वॉर्ड आणि जुनी उणीदुणी यांवर जमतं, आणि विधानसभेला एकमेकांविरुद्ध झेंडे घेतलेले लोक त्यात सुखाने एकत्र नांदतात.  त्यात गुंता वाढवला तो सरकारांनी. सरपंच थेट जनतेतून निवडायचं 2017 मध्ये ठरलं, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा लागू झालं. थेट निवडीत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं त्रांगडं होऊ शकतं. मग प्रत्येक ठरावाला ओढाताण.

वरच्या निवडणुकांत वणीकराचं मत किती मोलाचं असतं, हे 2009 च्या विधानसभेने दाखवलं. शिवसेनेच्या धनराज महाले यांनी राष्ट्रवादीच्या नरहरी झिरवाळ यांना अवघ्या 149 मतांनी हरवलं. एका वस्तीवरून दोन जीपगाड्या भरून माणसं कमी-जास्त आली असती, तरी निकाल फिरला असता. पुढे हेच महाले 2019 ला राष्ट्रवादीकडून लोकसभा लढले. समोर भाजपच्या डॉ. भारती पवार होत्या, आणि त्या 2014 ला राष्ट्रवादीच्या उमेदवार होत्या. माणसं तीच, झेंडे बदलले. सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यातलं माकपचं मत तेवढं स्थिर, जे. पी. गावितांनी लोकसभेला 2009 आणि 2019, दोन्ही वेळा लाखाच्या वर मतं घेतली.

2024 च्या लोकसभेला माकपचा उमेदवार नव्हता, आणि कांदा पेटलेला होता. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती उठली 4 मे रोजी, मतदान 20 मे रोजी. शिवाय उठली तीही किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेतच कांद्यासाठी घोषणाबाजी झाली. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाच्या भास्कर भगरे यांच्याकडून 1,13,199 मतांनी पडल्या. गंमत म्हणजे, त्याच निवडणुकीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाने 1,03,632 मतं घेतली. एकाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, दुसऱ्याचं नुसती तुतारी. एवढी मतं त्या उमेदवाराच्या ओळखीवर पडली, असं कोणी म्हणत नाही.

मग सहा महिन्यांत काय झालं? नोव्हेंबरच्या विधानसभेत याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा जागा महायुतीने जिंकल्या. दिंडोरीत राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाचे झिरवाळ पुन्हा आले. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार महिन्याला खात्यात पडत होते, कांद्यावरचं शुल्क निम्म्यावर आलं होतं. आणि ऑक्टोबरात विधानसभेचे उपाध्यक्ष असलेले झिरवाळ धनगरांना आदिवासी आरक्षणात घेण्याविरोधात मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारून बसले होते. शहरात त्याची टिंगल झाली; पेठच्या पाड्यांवर ती उडी वेगळ्या नजरेने पाहिली गेली असणार, असं मला वाटतं. मतदार फिरला, असं म्हणणारे पंडित इथे चुकतात. मे महिन्यात त्याने दिल्लीला कांद्याचा हिशेब विचारला, नोव्हेंबरात मुंबईकडून आपलं काम कोण करून आणील ते पाहिलं.

ग्रामपंचायत आणि विधानसभा या दोन टोकांच्या मधली पायरीच गेली काही वर्षं गायब होती. मार्च 2022 मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला; पुढची तीन वर्षं तरी निवडणूक झाली नाही. पंचायत समितीचीही तीच गत. झेडपीच्या गटाचा सदस्य नसल्यावर पाणंद रस्ता आणि झेडपीच्या शाळेचं गळकं छत, दोन्हींचे अर्ज आमदाराच्या दारात जाऊन पडतात.