यंत्राची नोंद, माणसाची स्वाक्षरी

1991 साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्याची रचना आणि संशोधक एकाच संस्थेत होते. दोष आढळल्यास विचारणा कोठे करावी, हे स्पष्ट होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हे चित्र पालटले आहे.

नागपूरचेच उदाहरण घ्यावे. राज्य शासनाने 2024 मध्ये ‘मार्वल’ ही कंपनी स्थापन केली. नागपूरचे आयआयएम तिचे भागीदार आहे. तिच्या सहभागातून घडलेली ‘महाक्राइमओएस’ ही तपास-साहाय्यक प्रणाली नागपुरातील 23 पोलीस ठाण्यांत वापरात आली. राज्यातील 1,100 ठाण्यांपर्यंत ती नेण्याची घोषणा डिसेंबर 2025 मध्ये झाली. तिचा तांत्रिक पाया मात्र मायक्रोसॉफ्टचा आहे.

ऑनलाइन फसवणुकीत रक्कम गमावलेल्या व्यापाऱ्यास तपासाची अशी गती हवीच. परंतु त्याच व्यवहारसाखळीत एखाद्या निर्दोष पेढीचे खाते गोवले गेले, तर उत्तरदायी कोण? कंपनी, पुरवठादार की तपास अधिकारी?

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो आणि दोघांच्याही स्वाक्षऱ्या राहतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 देखील इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागते.

संशोधन संस्थांचे नवे कार्य येथेच आहे. यंत्रसामग्रीत त्या बड्या कंपन्यांची बरोबरी करू शकणार नाहीत. लेखापरीक्षकाची भूमिका मात्र निश्चित बजावू शकतील. अट एकच : भागीदाराने आपल्याच पेढीचे हिशेब तपासू नयेत. त्यासाठी व्हीएनआयटीसारख्या अन्य संस्थांना प्रणालीच्या नोंदी खुल्या व्हाव्यात.