एकच झाड, दोन न्याय

भांग आणि गांजा ही एकाच झाडाची रूपे. पाने वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोरे सुकवले की गांजा. १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली. म्हणूनच काशीत भांगेची सरकारमान्य दुकाने दिसतात. ते पाहून पुष्कळांना वाटते, परसात एक रोप लावले, शेणखत घातले, तर काय बिघडले? परंतु लागवडीच्या कलमात रोपांची किमान संख्या नाही, आणि खत सेंद्रिय की रासायनिक हे कोणी विचारत नाही. विनापरवाना एका रोपासाठीही १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या कायद्यातून पान सुटते, झाड सुटत नाही. एवढे तरी आपण शिकणाऱ्यांनी घरी सांगावे.