गाठ नसली तरी दुर्लक्ष नको



बेणे, खते, पाणी यांविषयी आम्ही या पानांवर नेहमी लिहितो. आज घरातल्या मायलेकींच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. लाजेपोटी ते कोणी बोलत नाही, आणि तिथेच घात होतो.

स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याची एक जात अशी की, तिच्यात पुष्कळदा गाठ हाताला लागतच नाही. तिला दाहक स्तनकर्करोग म्हणतात. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत एक ते पाच जणींना ती होते. जात विरळ, पण चाल भारी वेगाची.

काही आठवड्यांतच स्तन लाल होतो, सुजतो, गरम लागतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. पाट तुंबला की पाणी मागे फुगते ना, तसेच हे. कातडीतल्या बारीक लसीकावाहिन्या रोगाच्या पेशींनी तुंबतात आणि सूज चढते.

दिसायला हे गळवासारखे किंवा दूध साकळल्यासारखे. म्हणून लेप लावण्यात महिना जातो. निदान होते तेव्हा साधारण तिघींपैकी एकीचा रोग हाडे, फुफ्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोचलेला असतो. लव्हाळा वरून खुरपला तरी दुसरीकडे फुटतो, त्यातलीच गत. फुफ्फुसात गेला तरी तो रोग स्तनाचाच राहतो; औषधही त्यावरचेच लागते.

उपचारात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, असा क्रम असतो. रोग दूरवर पसरला असेल तर तो मुळासकट जाणे अवघड; पण औषधांनी त्रास कमी होतो, आयुष्यही वाढते.

तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन आठ-दहा दिवसांत लाली-सूज उतरली नाही, तर तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरा. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून उभे आहे. आणि बंधूंनो, या रोगाच्या शंभर रोग्यांत एखादा पुरुषही असतो, हे विसरू नका.

‘तोड आटपू दे, बिल जमा होऊ दे, मग बघू,’ असे म्हणू नका. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही तर उतारा घटतो, हे आपण जाणतोच. इथे तर घरच्या लक्ष्मीच्या जिवाचा प्रश्न आहे.