काळ्या रंगाची किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ५५ इंची टीव्ही मध्यमवर्गीय हॉलच्या आणखी जवळ सरकला. पण दुकानात गेल्यावर कानावर आदळतात ते शब्द ठरलेले आहेत: फोर-के, क्यूएलईडी, एचडीआर, डॉल्बी, एआय प्रोसेसर. समोरचा टीव्ही काळा रंग किती काळा दाखवतो, हे त्यांतला एकही शब्द सांगत नाही. टीव्ही मुख्यतः सिनेमा पाहण्यासाठी घ्यायचा असेल आणि हाताशी चाळीस-पन्नास हजारच असतील, तर पहिला पैसा या काळ्या रंगावर लावावा, असे माझे म्हणणे आहे. इंच, ब्रँड आणि अ‍ॅपची गर्दी यांचा विचार त्यानंतर.

या किमतीतले टीव्ही जवळजवळ सगळे एलसीडीच असतात. ‘एलईडी’ आणि ‘क्यूएलईडी’ ही त्याच जातीची नावे. मागे दिव्यांचा उजेड, पुढे द्रव-स्फटिकांचा थर. काळे दाखवायचे म्हणजे मागचा दिवा चालूच ठेवून पुढच्या थराने उजेड अडवायचा, आणि तो पूर्ण कधीच अडत नाही. किती झिरपतो हे पॅनेलच्या प्रकारावर ठरते. आयपीएस पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्यातले प्रमाण साधारण १०००:१ असते, व्हीए पॅनेलमध्ये ३००० ते ५०००:१. पांढरा रंग ३०० नीट्स (नीट हे उजळपणाचे एकक) उजळ असेल, तर आयपीएसवरचा काळा ०.३ नीट आणि ४०००:१ च्या व्हीएवरचा ०.०७५ नीट, म्हणजे एक चतुर्थांश. दुकानाच्या लखलखाटात हा फरक दिसत नाही. घरी रात्री दिवे मालवले की दिसतो: आयपीएसवर काळोखी रात्र राखाडी होते. क्यूएलईडीतल्या क्वांटम डॉटमुळे रंग अधिक शुद्ध होतात, हे खरे. पण काळ्या रंगात त्याने काही फरक पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, सिनेमात काळोखाची दृश्ये असतात किती? दिव्याकंदिलाच्या उजेडात घडणारा ‘तुंबाड’ सोडून देऊ. मुद्दा चौकटीचा आहे. टीव्हीचा पडदा १६:९ या प्रमाणात असतो, तर अनेक मोठे चित्रपट २.३९:१ अशा रुंद चौकटीत बनतात. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट उंच असतो. त्यावर असा चित्रपट लावला की प्रत्यक्ष चित्राची उंची जेमतेम ५१ सेंटिमीटर राहते. वर आणि खाली पावणेनऊ-पावणेनऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या. म्हणजे भर उन्हातला प्रसंग चालू असला तरी पडद्याचा चौथा हिस्सा अडीच तास काळाच असतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला, तर त्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात, आणि चित्र स्वतःच काळ्या-पांढऱ्याच्या छटांवर उभे. पट्ट्या राखाडी चमकू लागल्या की डोळ्याला चित्राची कडाच सापडत नाही.

खोक्यावरच्या बाकीच्या स्टिकरांचे काय? ५५ इंचांत आज बहुतेक सगळे टीव्ही फोर-केच येतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचा प्रश्न उरलेला नाही. निरोगी डोळा साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील वेगळा ओळखतो. या हिशेबाने ५५ इंचांवर फुल-एचडीचे ठिपकेसुद्धा सव्वादोन मीटरच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत. शिवाय नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये मिळते आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग लागतो. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवण्याचा, स्टिकर तर जवळजवळ फसवा. एचडीआर चित्रपट बऱ्याचदा १००० नीट्स गृहीत धरून तयार होतात. स्वस्त टीव्ही २५०-३५० नीट्सवर थांबतात. असा टीव्ही एचडीआरचा संकेत वाचू शकतो, एवढाच त्या स्टिकरचा अर्थ.

सगळ्यात वजनदार आक्षेप आकाराचा आहे. त्याच पैशात साधा ६५ इंची मिळत असेल तर चांगल्या ५५ इंचीत का अडकायचे? ६५ चे क्षेत्रफळ ५५ हून ४० टक्के जास्त असते, हे काही थोडे नव्हे. पण सिनेमात गुंगायला पडद्याने नजरेचा किती कोन व्यापला हे महत्त्वाचे, आणि त्यासाठी ३० अंशांचा दंडक सर्रास वापरतात. आठ फुटांवरून ५५ इंची पडदा सुमारे अठ्ठावीस अंश व्यापतो, ६५ इंची सुमारे तेहतीस. पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सोफा आणि समोरची भिंत यांत बऱ्याचदा एवढेच अंतर असते, तेव्हा ५५ इंचांत काम भागते. अकरा फुटांवर बसत असाल तर कोन विसाच्या आसपास येतो आणि मग आकाराची बाजू खरोखर जड होते. (अर्थात, सोफा तीन फूट पुढे ओढायला जीएसटी लागत नाही.)

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. व्हीए पॅनेल बाजूने पाहिले की फिकटते. सात-आठ माणसे हॉलभर पसरून, ट्यूबलाइट लावून, जेवता जेवता टीव्ही पाहणार असतील, तर आयपीएसच बरा. भिंतीवरचा उजेड पडद्यावर पडत असताना काळ्याची चैन नाहीतरी वाया जाते. पण मग तो टीव्ही मालिका आणि क्रिकेटसाठी घेतला, हे मान्य करावे. मोठ्या चित्रासाठी प्रोजेक्टर हा पर्यायही वाटतो तेवढा सोपा नाही. त्याला काळा रंग फेकताच येत नाही, भिंत जेवढी अंधारी तेवढाच त्याचा काळा. आणि स्वस्त प्रोजेक्टरवरच्या ‘फोर-के सपोर्ट’चा अर्थ बहुधा तो फोर-के फाइल घेतो, दाखवतो कमीच, एवढाच असतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, म्हणून काळ्याचा प्रश्नच मिटतो. फक्त ते या खिशाबाहेरचे.

या खिशात जास्तीत जास्त जे साधता येते ते व्हीए पॅनेल आणि जमल्यास लोकल डिमिंग, म्हणजे मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय. मिनी-एलईडीत हे भाग अधिक असतात. भाग मोजकेच असले तर काळ्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसते, पण राखाडी रात्रीपेक्षा ते परवडले. ‘मायक्रो डिमिंग’सारख्या नावांपासून सावध राहावे, त्यात बहुतेकदा दिवे मंद होत नाहीत, फक्त चित्राच्या आकड्यांत फेरफार होतो. माहितीपत्रकात पॅनेलचा प्रकार सहसा छापत नाहीत आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत वेगवेगळी पॅनेल निघतात, म्हणून डोळ्यांनीच पारखावे. टीव्ही दुकानातल्या भडक डेमो मोडमधून काढून सिनेमा मोडवर टाकायला सांगा, पेन ड्राइव्हवरून अंधारे दृश्य लावा, दोन्ही तळव्यांनी आजूबाजूचा उजेड अडवून पट्ट्यांकडे पाहा, मग बाजूला सरकून रंग किती उतरतात ते पाहा. विक्रेता कुरकुरला तर दुकान बदला.

घरी आल्यावर एक काम फुकटात होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो, त्यामुळे लाखो रुपयांचे छायाचित्रण मालिकेसारखे दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने ही सोय बंद करा, असे प्रेक्षकांना जाहीरपणे सांगितले होते. २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला तो याचसाठी. तो मोड असेल तर तो निवडा, नसेल तर ‘मोशन’ नावाची प्रत्येक कळ बंद करा. आणि सगळे बजेट पडद्यात घालू नका: सपाट टीव्हीचे बारीक स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, संवाद पुटपुटल्यासारखे येतात. पाच-सात हजारांचा साधा साउंडबार एचडीएमआय-एआरसीच्या तारेने जोडायला पैसे बाजूला ठेवा, मग त्यासाठी टीव्हीचा ब्रँड एक पायरी खाली घ्यावा लागला तरी चालेल.