शेजार बदलला आणि…

१९५८ मध्ये शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचं मूळ कारण १९८२ मध्ये उलगडलं. ‘मिक’ हे प्रथिन डीएनएला चिकटून पेशीवाढीची असंख्य जनुकं चालू करतं. निरोगी पेशीत ते गरजेपुरतंच बनतं, साधारण अर्ध्या तासात निम्मं नष्टही होतं. या कर्करोगात मिकचं जनुक आठव्या गुणसूत्रावरून बहुधा चौदाव्यावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीत तिथलं काम सतत चालू. मग मिकही अखंड बनत राहतं आणि पेशींचं विभाजन थांबतच नाही. वेळेवर तीव्र केमोथेरपी मिळाली, तर बहुतेक मुलं बरी होतात. आफ्रिकेतल्या अनेक मुलांना ती आजही मिळत नाही, हे फार सलतं.